अंगठ्याचा ठसा आणि न्यायाचा काटा

न्यायसहायक विज्ञान म्हटले, की परदेशांतील प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु या विज्ञानाची एक मोठी शाखा आपल्याच देशात वाढीस लागली, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. बोटांवरील रेषा आयुष्यभर बदलत नाहीत, हे पुढे त्याच्या ध्यानी आले. पण हजारो ठशांतून हवा तो हुडकावयाचा कसा? हा गुंता अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस खात्यातील दोघा भारतीयांनी सोडविला. दहा बोटांच्या ठशांची १०२४ खणांत वाटणी करणारी ती पद्धती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, १९०१ साली लंडनला.

१८९८ साली जलपायगुडीकडील एक खटला चालला. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता आणि त्याच्या सामानातील पंचांगावर एका जुन्या नोकराच्या अंगठ्याचा ठसा सापडला होता. न्यायालयाने त्यास चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. ठसा सांगतो तो एवढेच, की हा हात येथे लागला होता. त्या हाताने सुरा चालविला की नाही, हे ठसा सांगत नाही. नव्या साधनास त्याच्या योग्यतेपुरताच मान देण्याचा हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

१९८४ साली इंग्लंडात लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. त्याच परगण्यात दोन मुलींचे खून झाले होते आणि एका तरुणाने त्यांपैकी एकाची कबुलीही दिली होती. या परीक्षेने प्रथम काय केले? त्या तरुणास निर्दोष ठरविले! मग हजारो पुरुषांचे रक्त तपासले गेले. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी दुसऱ्यास पाठवून प्रयोगशाळेस चकविले. तो सापडला तो त्या दुसऱ्याच्या तोंडून गोष्ट फुटल्यामुळे. १९८८ साली त्यास जन्मठेप झाली.

पुढे संगणक आला. २००४ साली माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले. तेथील एका ठशाशी जुळणारे ठसे संगणकाने काढून दिले आणि अमेरिकेतील तज्ज्ञांनी त्यांवरून एका निरपराध वकिलास गुंतविले. सुमारे दोन आठवडे तो अटकेत राहिला. तो ठसा दुसऱ्याचाच, हे स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिले. भांडार जितके मोठे, तितका हुबेहूब भासणारा परका ठसा सापडण्याचा संभवही मोठा, हा यातील बोध आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरविले असून, त्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. यापुढे चेहरे व आवाजही यंत्रे जुळवू लागतील. पण साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी यंत्राचीही झाली पाहिजे. नमुना कोणी घेतला, कोठे ठेवला, चुकीचा संभव किती, हे विचारण्याचा आरोपीचा अधिकार शाबूत राहिला, तरच हे विज्ञान न्यायाचे साहाय्यक राहील. एरवी ते न्यायाच्या आसनावरच चढून बसेल.