गंडीपेटचे धरण कशासाठी?

गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे आपल्या जुन्या घरांतून म्हणत. त्यामुळे उस्मानसागर म्हणजे पिण्याच्या पाण्याचा तलाव, अशीच समजूत रूढ झाली. वस्तुतः या धरणाचा जन्म पुरातून झाला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हजारोंचा बळी घेतला. अफजलगंजच्या एका चिंचेवर दीडशेच्या आसपास माणसे तगली, असे सांगतात. ते झाड आम्ही अजूनही थांबून पाहतो. १९०९ साली निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. (खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच.) वरच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक तलाव फुटल्याने लोंढा वाढला होता. तेव्हा पूर शहराच्या वरच अडवावा आणि पाणी हळूहळू सोडावे, अशी त्यांची योजना. मुसीवर उस्मानसागर १९२० साली, तर ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला.

१९९६ च्या शासकीय आदेशाने या तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घातले. शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या कारणास्तव २०२२ साली ते उठवण्याचा आदेश निघाला. हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हाही कृष्णेचे पाणी शहरात येतच होते.