वर्गणी, श्रमदान आणि वहिवाट : कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलच्या संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत जमिनीचा फार मोठा हिस्सा संघराज्य शासनाच्या मालकीचा आहे. या जमिनीवर वनखाते, भूमी व्यवस्थापन विभाग इत्यादी यंत्रणांचे नियंत्रण असते. अशा जमिनीवरून खाणकामगार, गुराखी, लाकूडतोडे आणि त्यांच्याही आधी मूळ रहिवासी यांनी पाडलेल्या असंख्य वाटा जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप व तत्सम वाहने सामान्य नागरिकांच्या हाती आली आणि या वाटांचा उपयोग पर्यटन व मनोरंजनासाठी होऊ लागला. कालांतराने मातीची धूप, पाण्याचे प्रदूषण आणि वन्यजीवांना होणारा उपद्रव हे प्रश्न पुढे आले व अनेक वाटा बंद झाल्या. उरलेल्या खुल्या राहाव्यात म्हणून वाहनधारकांच्या संघटनांनी निधी जमवला, श्रमदान केले, प्रसंगी न्यायालयीन लढेही दिले. या चळवळीचे ठळक उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून ताहो सरोवराकडे जाणारी 'रुबिकॉन ट्रेल' ही सुमारे २२ मैल (३५ कि.मी.) लांबीची खडकाळ वाट होय. प्रस्तुत लेखात या वाटेच्या संरक्षणाचा इतिहास मांडला असून, लोकांच्या वर्गणीने व श्रमाने सार्वजनिक हक्क कितपत टिकवता येतो याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१) रुबिकॉन ट्रेलवरील सार्वजनिक हक्काची ऐतिहासिक व कायदेशीर पार्श्वभूमी समजून घेणे.
२) वाट खुली ठेवण्यासाठी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी संघटनांच्या कार्याचे स्वरूप तपासणे.
३) लोकवर्गणी व श्रमदान यांच्या मर्यादांची चर्चा करणे.

वहिवाटीची कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेच्या काँग्रेसने १८६६ मध्ये संमत केलेल्या खाणविषयक कायद्यात एक छोटे कलम होते. सार्वजनिक उपयोगासाठी राखून न ठेवलेल्या शासकीय जमिनीवर रस्ते बांधण्याचा मार्गाधिकार त्या कलमाने दिला होता. पश्चिमेकडे वसाहती वाढाव्यात हा त्यामागील हेतू होता. या तरतुदीच्या काळातच, १८८७ मध्ये, एल डोराडो काउंटीच्या प्रशासकीय मंडळाने जॉर्जटाऊनहून ताहो सरोवराकडे जाणारी वाट सार्वजनिक मार्ग म्हणून घोषित केली. (काउंटी हा आपल्याकडील जिल्ह्याशी साधर्म्य असलेला प्रशासकीय घटक आहे.) ही वाट मुळात मूळ रहिवाशांच्या पायवाटेवरून विकसित झाली होती. त्या काळी रुबिकॉन झऱ्यांचे खनिजयुक्त पाणी प्रसिद्ध होते; तेथे प्रवाशांसाठी हॉटेल उभे राहिले आणि घोडागाड्यांची ये-जा सुरू झाली. विसाव्या शतकात ही वर्दळ ओसरली, हॉटेलही राहिले नाही, परंतु १८८७ चा ठराव कागदोपत्री कायम राहिला.

१९७६ च्या संघीय भूधोरण व व्यवस्थापन कायद्याने १८६६ चे उपरोक्त कलम रद्द केले. मात्र तोपर्यंत अस्तित्वात आलेले मार्गाधिकार अबाधित ठेवण्यात आले. त्यामुळे रुबिकॉन ही वनखात्याच्या मेहेरबानीवर अवलंबून असलेली जंगलवाट नसून काउंटीचा सार्वजनिक रस्ता आहे, असे प्रतिपादन करणे वाहनधारकांना शक्य झाले. इतर शेकडो वाटांना असा भक्कम आधार नव्हता. पुढील संघर्षात रुबिकॉनचे वेगळेपण टिकले, त्याचे एक मूळ येथे आहे.

जीपचा मेळावा व क्लबसंस्कृती

युद्धोत्तर काळात जॉर्जटाऊन परिसराच्या अर्थकारणाला चालना मिळावी म्हणून तेथील काही रहिवाशांनी या वाटेवर जीपची सामूहिक सफर काढण्याचे ठरवले. ऑगस्ट १९५३ मध्ये निघालेल्या पहिल्या 'जीपर्स जंबोरी'त ५५ जीप व १५५ माणसे सहभागी झाली होती. ही सफर पुढे वार्षिक परंपरा बनली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील फोर व्हील ड्राइव्ह क्लबांची राज्यव्यापी संघटना स्थापन झाली.

या टप्प्यावर क्लबांचे स्वरूप प्रामुख्याने सहली आणि परस्पर साहाय्य एवढ्यापुरते मर्यादित होते. तथापि अडकलेले वाहन मिळून बाहेर काढणे, वाटेत कोसळलेले झाड बाजूला करणे, खडकांची रचना करून चढ पार करणे या सवयींतूनच सामूहिक श्रमाची रीत रुजली. पुढील काळातील श्रमदानाला मनुष्यबळ मिळाले ते याच क्लबांतून.

नियमनाचे युग

१९७० च्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये ऑफ-रोड वाहनांसाठी स्वतंत्र कायदा केला. वाहननोंदणीचे शुल्क व इंधनकराचा काही वाटा याच क्षेत्राच्या व्यवस्थापनावर खर्च करण्याची पद्धत त्यातून विकसित झाली. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कार्यकारी आदेश क्र. ११६४४ काढून संघीय जमिनीवर अशी वाहने कोठे चालावीत व कोठे चालू नयेत हे ठरवण्याचे निर्देश यंत्रणांना दिले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या १९७७ च्या आदेशाने, गंभीर हानी होत असल्यास तो भाग तत्काळ बंद करण्याचा अधिकार स्पष्ट केला.

वनखात्याच्या अंदाजानुसार ऑफ-रोड वाहने वापरणाऱ्यांची संख्या १९७२ मधील सुमारे ५० लाखांवरून २००० पर्यंत सुमारे ३ कोटी ६० लाखांवर गेली. या वाढीच्या पार्श्वभूमीवर २००५ मध्ये वनखात्याने नवा प्रवास-व्यवस्थापन नियम लागू केला. पूर्वी 'बंद' अशी पाटी नसेल तेथे जाता येत असे. आता नकाशावर खुला म्हणून दाखवलेल्या मार्गावरच वाहन नेण्याची मुभा राहिली. थोडक्यात, वाट खुली का असावी हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवहारात वापरणाऱ्यांवर येऊन पडली. एल डोराडो राष्ट्रीय वनाच्या नियोजनाबाबत पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. २००५ च्या निकालानंतर वनखात्याने २००८ मध्ये नवा आराखडा स्वीकारला आणि कुरणांतून जाणाऱ्या काही मार्गांबाबत २०११ मध्ये न्यायालयाने त्यातही त्रुटी दाखवल्या.

श्रमदान व निधी यांची उभारणी

वाट बंद होईल या भीतीतून २००१ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन' ही क्लब व व्यक्ती यांची सैलसर आघाडी आकारास आली. परंतु देणग्या स्वीकारणे, हिशेब ठेवणे, करार करणे यांसाठी नोंदणीकृत संस्थेची गरज होती. त्या गरजेतून २००४ मध्ये 'रुबिकॉन ट्रेल फाउंडेशन' ही विनानफा संस्था स्थापन झाली. एका बाजूस श्रम संघटित करणारी आघाडी आणि दुसऱ्या बाजूस निधी सांभाळणारी संस्था अशी ही विभागणी होती.

या कार्याचे बाह्य स्वरूप साधे आहे. उतारावर पाणी वाहत जाऊन वाटेचे घळीत रूपांतर होऊ नये म्हणून आडवे बांध घालून पाणी बाजूला वळवणे, ओढा ओलांडण्याच्या जागी दगड भरणे, मूळ वाटेला फुटलेल्या अनधिकृत फाट्या बुजवणे, कचरा वाहून आणणे, तेलगळती शोषून घेणारे साहित्य व मलविसर्जनाच्या पिशव्या प्रवाशांना देणे ही त्यातील प्रमुख कामे होत. निधी जमवण्याचे मार्गही परिचित आहेत : सभासदांच्या देणग्या, सोडती, भोजनाचे कार्यक्रम आणि वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपन्यांचे साहाय्य.

या श्रमाला आर्थिक मूल्य कसे प्राप्त झाले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १९७२ च्या एका कायद्याने वनखात्याला स्वयंसेवकांची सेवा रीतसर स्वीकारण्याचा अधिकार दिला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या संघीय मनोरंजन-मार्ग योजनेत ऑफ-रोड मनोरंजनासाठी वापरलेल्या इंधनावरील करातून राज्यांना अनुदान मिळू लागले. त्यातील ३० टक्के रक्कम मोटरवाहनांच्या मार्गांसाठी, ३० टक्के पायी व इतर विनामोटर मार्गांसाठी आणि ४० टक्के विविध प्रकारच्या उपयोगांसाठी राखली जाते. अनुदानातील स्थानिक हिश्श्यापोटी रोख रकमेऐवजी स्वयंसेवकांच्या श्रमाचे मूल्यही धरता येते. परिणामी श्रमदानाच्या दिवशी भरलेले हजेरीपत्रक हे आर्थिक दस्तऐवज ठरले. ज्या क्लबाने तासांची नोंद नीट ठेवली, त्याचा घाम अनुदानाच्या हिशेबात जमा झाला. ज्याने ठेवली नाही, त्याचे काम झाले, पण कागदावर त्याची दखल राहिली नाही.

२००४ व २००९ : दोन कसोट्या

पहिली कसोटी २००४ च्या उन्हाळ्यात आली. वाटेलगतच्या स्पायडर लेक परिसरात मुक्काम करणाऱ्यांनी केलेल्या मलविसर्जनामुळे आरोग्याचा प्रश्न निर्माण झाला आणि काउंटी प्रशासनाने तेथील मुक्कामावर बंदी घातली. वाहनधारकांच्या दृष्टीने हा प्रसंग नामुष्कीचा होता, कारण हानीचे कारण वाहन नव्हते, तर माणसांचे बेजबाबदार वर्तन होते. सफाई मोहिमा आणि मलविसर्जनाच्या पिशव्यांचा प्रचार यांना यानंतर महत्त्व आले.

दुसरी कसोटी अधिक गंभीर होती. एप्रिल २००९ मध्ये सेंट्रल व्हॅली विभागाच्या जलगुणवत्ता नियंत्रण मंडळाने सफाई व प्रतिबंध आदेश काढला. ओढ्यांत जाणारा गाळ, वाहनांतून गळणारे तेल आणि मानवी मैला हे त्यामागील आक्षेप होते. हा आदेश एल डोराडो काउंटी आणि वनखाते यांच्यावर बजावण्यात आला होता. अनेक वर्षे दगड उचलणारे स्वयंसेवक कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायी नव्हते आणि जे उत्तरदायी होते त्यांच्याजवळ या वाटेसाठी पुरेसे मनुष्यबळ नव्हते. ही विसंगती आदेशाने उघडी पाडली. काउंटीला वाटेचे सर्वेक्षण, धूप रोखण्याची कामे आणि माती पाण्याने मऊ झाली असताना वाहतूक थांबविण्याची योजना हाती घ्यावी लागली. त्यानंतर २०१२ मध्ये वनखात्याने काउंटीला वाटेचा औपचारिक मार्गाधिकार देण्याचा व सुधारणांचा निर्णय घेतला. १८८७ च्या ठरावातील हक्काला सव्वाशे वर्षांनी देखभालीच्या अटी जोडल्या गेल्या.

मर्यादा

लोकवर्गणी व श्रमदान यांनी प्रत्येक वाट वाचवता येते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. कॅलिफोर्नियातीलच क्लिअर क्रीक क्षेत्रात जमिनीत नैसर्गिकरीत्या ॲस्बेस्टॉस आढळते. धुळीतून होणाऱ्या धोक्याविषयी पर्यावरण संरक्षण संस्थेचा अहवाल आल्यावर मे २००८ मध्ये भूमी व्यवस्थापन विभागाने सुमारे ३१,००० एकर क्षेत्र बंद केले. धूप थांबवता येते, कचरा उचलता येतो. परंतु खडकातच असलेले द्रव्य श्रमदानाने दूर होत नाही. वाहनधारकांनी धोक्याच्या मोजमापाबाबत आक्षेप घेतले, तरी २०१४ च्या आराखड्यात या भागात वाहनांना अत्यंत मर्यादित प्रवेश मिळाला.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. श्रमदानाच्या तासांवर हक्काचे मोजमाप होऊ लागले की, ज्यांच्याजवळ वाहन, सवड व पैसा आहे त्यांचा आवाज मोठा होतो. ताहो परिसर ही वाशो या मूळ रहिवासी समाजाची परंपरागत भूमी आहे. ज्या पायवाटेवर हा मार्ग उभा राहिला तिच्यावरील मूळ रहिवाशांचे नाते कोणत्याही हजेरीपत्रकात मोजले जात नाही. शांततेसाठी रानात येणारे पदयात्री आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला तेच पाणी वापरणारे लोक यांचेही तसेच आहे. सार्वजनिक संपत्तीवर सर्वांचा हक्क असतो. तिची निगा राखणाऱ्यांना मान मिळणे योग्य असले, तरी त्या मानाचे रूपांतर मालकीत होऊ नये.

तिसरी मर्यादा शासनाच्या भूमिकेशी संबंधित आहे. स्वयंसेवक उपलब्ध आहेत म्हणून देखभालीची तरतूद कमी करण्याचा मोह प्रशासनाला होऊ शकतो. असे झाल्यास श्रमदान हे शासकीय जबाबदारीला पूरक न राहता तिचा पर्याय बनते. स्वयंसेवकांची पिढी थकल्यावर वाट पुन्हा निराधार होण्याचा धोका त्यात आहे.

निष्कर्ष

१) रुबिकॉन ट्रेल खुली राहण्यामागे १८८७ चा ठराव हा पाया होता, परंतु केवळ जुनी वहिवाट पुरेशी ठरली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हक्क टिकविण्यासाठी निगेचा पुरावा आवश्यक झाला.
२) २००१ ची आघाडी व २००४ ची संस्था यांनी श्रम आणि निधी यांची विभागणी करून विखुरलेल्या क्लबांना प्रशासनाशी व्यवहार करण्याची क्षमता दिली.
३) २००९ च्या आदेशाने टीका करणाऱ्या यंत्रणेनेच अप्रत्यक्षपणे वाटेचे आयुष्य वाढविले. प्रदूषणावर उपाय झाले म्हणून वाट खुली ठेवण्याचे समर्थन करणे शक्य झाले. त्यामुळे पर्यावरण विरुद्ध वाहनधारक अशी सरळ विभागणी या इतिहासास लागू पडत नाही.
४) क्लिअर क्रीकचे उदाहरण श्रमदानाची सीमा दाखवते. सार्वजनिक आरोग्यासारख्या प्रश्नावर अंतिम निर्णय लोकउत्साहाने होत नाही.

सारांश, १९५३ मध्ये ५५ जीप या वाटेने गेल्या तेव्हा वाट आहे म्हणून लोक जात होते. एकविसाव्या शतकात लोक दरवर्षी फावडे घेऊन येतात, काउंटी आपली जबाबदारी पार पाडते आणि जलमंडळ लक्ष ठेवते, म्हणून वाट आहे. या तिघांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी उरलेल्या दोघांना ती फार काळ खुली ठेवता येणार नाही.