नवोदयच्या ८० जागा नेमक्या कोणासाठी होत्या?

मागच्या हिवाळ्यात नवोदयच्या परीक्षेच्या दिवशी एका केंद्राबाहेर दोन तास उभा होतो. बातमीसाठी गेलो होतो, पण छापण्यासारखी बातमी काही मिळाली नाही. लेकरं आत, आई-बाप बाहेर. कोणी भिंतीला टेकून बसलेलं, कोणी मोटारसायकलला डबा अडकवून उभं. एक आजी फाटकाच्या गजातून आत बघत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "सुटलं का हो?" थोड्या अंतरावर दोन गाड्या लागलेल्या. त्यातून एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंचवीसेक पोरं उतरली होती, पाठीवर क्लासचं नाव. आजीचा नातू आणि ही पोरं एकाच हॉलमध्ये, एकाच जागेसाठी बसली होती.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. या जागा मुळात कोणासाठी होत्या? उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात पाचवीचं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं लेकरू शिकायला घराबाहेर ठेवणं ही काही आजची गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यात हायस्कुलं मोजकी, आणि तिथं पोचायचं तर घर सोडावंच लागायचं. अशा काळात १९२१ साली हिप्परगा इथं राष्ट्रीय शाळा उभी राहिली. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात हे गाव येतं. लातूर जिल्हा १९८२ ला वेगळा झाला, त्याआधी हा सगळा एकच उस्मानाबाद जिल्हा होता, हे नव्या पोरांना सांगितलं पाहिजे. हिप्परग्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहायचे. १९२९ मध्ये तिथं एक तरुण शिक्षक आले, व्यंकटेश खेडगीकर. पुढं संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते हेच. म्हणजे आपला सगळ्यात मोठा नेता आधी एका निवासी शाळेतला मास्तर होता.

आता याच धाग्याचं दुसरं टोक बघा. स्वामीजींना गुरुस्थानी मानणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांत एक होते पी. व्ही. नरसिंह राव. तेही निजाम राज्यातलेच, मराठी उत्तम जाणणारे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांनी नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल इथं सरकारी निवासी शाळा काढली. खेड्यातली हुशार पोरं निवडायची, राहणं-खाणं-शिकणं सगळं सरकारनं करायचं. १९८५ मध्ये ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले, राजीव गांधी पंतप्रधान होते. त्याच वर्षी नवोदयच्या पहिल्या दोन प्रायोगिक शाळा सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही योजना पक्की झाली. आज देशात साडेसहाशेहून जास्त नवोदय विद्यालयं आहेत. तमिळनाडूनं मात्र भाषेच्या मुद्द्यावरून एकही घेतलं नाही.

योजनेला तेव्हाही विरोध झालाच. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं होतं की सगळ्यांची पोरं एकाच शेजारशाळेत शिकली पाहिजेत. मग निवडक पोरांसाठी वेगळी शाळा कशाला, असा सवाल होता. त्यावर सरकारचं उत्तर असं की या शाळा जिल्ह्यातल्या बाकी शाळांना वेग देतील, आजूबाजूच्या शाळा यांच्याकडून शिकतील. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नांदेड जिल्ह्याचं नवोदय शंकरनगरला, बिलोली तालुक्यात. नांदेडहून देगलूरकडं जाताना नरसी ओलांडली की साखर कारखान्याचा हा परिसर लागतो. जिल्ह्याच्या शहरापासून लांब, उसाच्या मुलखात. लातूर जिल्ह्याला वेगळं नवोदय.

नियम साधे होते. सहावीला ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के खेड्यातल्या मुलांना. किमान एक तृतीयांश मुली. अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण, आणि अलीकडं ओबीसींनाही. पाचवीत त्याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला, बाकी गणित आणि भाषा. पेपर मराठीतही असतो. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी आहे, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची आणि दारिद्र्यरेषेखालची लेकरं त्यातून सुटलेली.

बुद्धिमत्ता चाचणीला निम्मे गुण का, याचा कधी विचार केलाय? कारण आकृत्यांच्या प्रश्नांना भाषा लागत नाही, पुस्तक लागत नाही. तांड्यावरचं लेकरू आणि मास्तराचं लेकरू तिथं बरोबरीनं बसावं, हा त्यामागचा विचार. डोकं आहे पण ऐपत नाही, अशा पोराला शोधून काढायची ती चाळणी होती.

१९९१ साली मीही त्या चाळणीत पडलो होतो. कंधार तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. आमचे गुरुजी संध्याकाळी मारुतीच्या देवळात आम्हा सात-आठ पोरांचा जादा तास घ्यायचे. लाईट गेली की कंदील. फी विचारायची कोणाची छाती नव्हती, कारण गुरुजींनी ती कधी मागितलीच नाही. माझ्या बाकावरचा मित्र लागला, मी राहिलो. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता. पत्र्याची पेटी, बादली, ताट-वाटी आणि कुलूप घ्यायला गावानं वर्गणी केली. एसटीत बसताना तो रडला नाही, त्याची आई रडली. खरं सांगतो, मला त्या पेटीचा फार हेवा वाटला होता.

दिवाळीला आला तेव्हा तो हिंदीत बोलत होता आणि पहाटे उठून आपली चड्डी-बनियन आपणच धूत होता. शाळेत सगळी पोरं चार हाऊसमध्ये वाटलेली असतात, अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. पहाटे पीटी, मग प्रार्थना, रात्री सक्तीचा अभ्यास. आठवीपर्यंत मराठी चालतं, पुढं गणित-विज्ञान इंग्रजीत. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात आणि तिकडची पोरं आपल्याकडं येतात. पण त्यानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली. मेसमध्ये कोण कुठं बसायचं हे जातीवर नव्हतं. नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ पासून १९९४ पर्यंत धुमसलेला हा मराठवाडा. त्यात वेगवेगळ्या वस्त्यांतली पोरं एका ओळीत ताटं घेऊन उभी राहतात, एका खोलीत झोपतात, ही लहान गोष्ट नव्हती.

सगळंच गोड होतं असं नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घरापासून लांब, त्याला काय काय वाटतं हे कोणी विचारत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयांत ४९ मुलांनी आत्महत्या केल्याची आकडेवारी पुढं आली होती. त्यातली निम्मी दलित-आदिवासी घरांतली होती. "नवोदयला लागलं" म्हणून फ्लेक्स लावताना हेही डोक्यात असावं.

मग बदललं काय? माझ्या मते बदल लातुरातून आला. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज यांच्या मेहनतीतून लातूर पॅटर्न उभा राहिला. बोर्डाच्या यादीत आपली पोरं झळकली, त्याचा अभिमान मलाही आहे. १९९३ च्या भूकंपानंतर उभं राहायला या जिल्ह्याला त्या यशानं बळ दिलं. त्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादच्या सुमारे १२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवलं. तिथं प्रवेश परीक्षा नव्हती. घर पडलं, लेकरू उघडं पडलं, एवढंच बघितलं गेलं.

पण यशाच्या मागं बाजार येतोच. आधी दहावीनंतरची पोरं लातूर-नांदेडात खोली करून राहायला लागली. मग आठवीची. आता नऊ-दहा वर्षांची लेकरं नवोदय आणि सैनिक स्कूलच्या तयारीसाठी निवासी क्लासला ठेवतात. म्हणजे मोफत निवासी शाळेत शिरायचं तर आधी पैसे भरून दुसऱ्या निवासी ठिकाणी राहायचं! काही ठिकाणी तर नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर आणि पोरगं शहरात. कारण ७५ टक्के जागा ग्रामीण. कागद ग्रामीण, तयारी शहरी.

बुद्धिमत्तेच्या आकृत्या वर्षभर रोज सोडवल्या की त्या बुद्धीची परीक्षा राहत नाहीत, सरावाची होतात. सराव विकत मिळतो. ज्याला विकत घेणं जमत नाही त्याच्यासाठीच तर हे दार उघडलं होतं.

क्लासला घालणाऱ्या आई-बापाला मी दोष देत नाही. मोंढ्यात हमाली करून लेकराची फी भरणारे मी पाहिलेत. हिशेब बघा ना. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या वर, आणि जागा ८०. तालुक्याला सरासरी पाच. लातूरला दहा तालुके, म्हणजे आठ. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या पोराच्या वाट्याला काय येत असेल?

आता ते वाक्य आठवा. बाकीच्या शाळांना वेग द्यायचा होता. शंकरनगरच्या आसपासच्या किती जिल्हा परिषद शाळांना तो मिळाला? किती गुरुजींना तिथं बोलावून काही दाखवलं गेलं? हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी निवड यादी लागते, तेव्हा सोबत एवढंच जाहीर करा, निवडलेल्या ८० पैकी जिल्हा परिषद शाळेची किती, खासगी शाळेची किती, आणि कोणत्या तालुक्याची किती. दोन्ही जिल्ह्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथंच मांडतो. आणि जिल्हा परिषदेनं प्रत्येक केंद्रात चौथी-पाचवीचा मोफत जादा तास सुरू करावा. गुरुजी आजही तयार आहेत, त्यांच्यावरची बिनशिक्षणाची कामं थोडी कमी करा.

माझा मित्र आज सरकारी नोकरीत आहे. त्याचा धाकटा भाऊ पाचवीला आला तोवर आमच्या गुरुजींची बदली झाली होती, जादा तास बंद पडला होता. तो गावातच राहिला, आज मजुरी करतो. दोघं एकाच आईची लेकरं. फरक पडला तो देवळातल्या त्या एका कंदिलानं.

तुमच्या गावातून २००० च्या आधी कोणी नवोदयला लागलं असेल तर खाली लिहा. नावं नकोत. गाव, साल, आधीची शाळा आणि तयारी कोणी करून घेतली, एवढं पुरे. दोन्ही जिल्ह्यांची एक यादी करू.