चंद्रावरचे ठाणे

चंद्रावर वस्ती करण्याची कल्पना काल-परवाची आहे, असे तुम्हाला वाटत असेल तर ते खरे नव्हे. जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मगुरूने १६३८ सालीच केप्लरचा हवाला देऊन लिहून ठेवले होते की, उडण्याची कला साधली की माणसे तिथे वसाहत करतील. पण तो झाला नुसता विचार. खर्चाचा नि सामानाचा हिशेब मांडला गेला १९५९ साली, आणि तोही अमेरिकेच्या लष्कराकडून!

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला आणि अमेरिकेची झोप उडाली. मग व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्या मंडळींनी ‘प्रोजेक्ट होरायझन’ आखला. १९६६ च्या अखेरीस चंद्रावर बारा सैनिकांचे ठाणे बसवायचे. घरे कसली म्हणाल, तर धातूच्या टाक्या, दहा फूट रुंद नि वीस फूट लांब. आपल्याकडे पेवात धान्य ठेवीत, तशा त्या जमिनीत पुरायच्या. का, तर तिथे हवा नाही. दिवसाचे ऊन शंभर अंशांवर, रात्रीची थंडी शून्याखाली दीडशेच्याही पलीकडे, शिवाय वरून उल्कांचा मारा. मातीचे पांघरूण हाच आसरा. विजेला अणुभट्ट्या, सामानाला अग्निबाणांची १४९ उड्डाणे आणि खर्च सहाशे कोटी डॉलर.

हिशेब चोख होता, पण मला एक गोष्ट खटकते. पहिले पाऊल पडण्याआधीच तिथे पहारा बसवायची घाई! पुढे चंद्राचे काम ‘नासा’ या मुलकी संस्थेकडे गेले, आराखडा कागदावरच राहिला. १९६७ च्या अंतराळ कराराने तर चंद्रावर लष्करी तळ बांधण्यासच मनाई केली. १९६९ ते १९७२ या काळात तिथे माणसे उतरली तीही बाराच, आणि सर्वांत लांबलेला मुक्काम होता जेमतेम तीन दिवसांचा.