गुळव्याचें बोट आणि यंत्राचा स्पर्श

पूर्वीच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरा व गोदावरी या नद्यांच्या कालव्यांनीं उंसाचे मळे फुलविले. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि एके काळच्या दुष्काळी मुलखांत गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागला. त्या गुऱ्हाळांवर मालकापेक्षां गुळव्याच्या शब्दाला मान असे, आणि तो मान त्याच्या बोटांचा होता.

चुलाणावर काहील चढली, मळी निघाली, रस आटत आला, कीं सर्वांचे डोळे गुळव्याकडे लागत. तो थोडा पाक थंड पाण्यांत सोडी आणि बोटांनीं त्याची गोळी वळी. गोळी मऊ लागली तर जळव्यानें आणखी जाळ घालावयाचा. टणक झाली तर काहील तत्काल उतरावयाची. काहील आधीं उतरली तर गूळ चिकट राहून पावसाळ्यांत पाझरे. उशीर झाला तर करपून काळा पडे. वर्षभर राखलेल्या उंसाचें मोल त्या घटकेवर ठरे. कांहीं गुळवे तर गोळी भांड्यावर आपटून तिचा नादहि ऐकत.

हरेगांव, टिळकनगर येथें खासगी साखर-कारखाने निघाले; पुढें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं लोणी येथील सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला. येथें काहिलीच्या जागीं निर्वात पात्र होतें. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८१३ च्या सुमारास काढलेली ही युक्ति: आंतील हवा ओढून घेतली कीं रस कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाहीं. परंतु बंद पात्रांत बोट घालावें कसें? त्यासाठीं पात्राला एक खाचेची दांडी बसविलेली असे. निर्वातपणा न मोडतां तिच्यांतून थोडा पाक बाहेर येई. पॅनमन तो आंगठा आणि तर्जनी यांमध्यें धरून तार ओढी, कांचेवर पसरून दाणा पाही. पाक पातळ राहिला तर आलेला दाणा पुन्हां विरघळावयाचा. फार दाट झाला तर नको असलेला बारीक दाणा नव्यानें उठावयाचा. लाखों रुपयांचीं यंत्रें आलीं खरीं, परंतु त्यांच्यावरील न्यायाधीश पुन्हां बोटच.

या बोटाच्या जागीं उपकरण बसविण्याचा प्रयत्न होणें स्वाभाविक होतें. पाक दाट झाला कीं त्यांतील क्षारांच्या कणांना हालणें जड जातें आणि विजेचा प्रवाह क्षीण होतो. हा प्रवाह मोजून पाकाची स्थिति सांगणारीं उपकरणें निघालीं. तीं थकत नाहींत, हा मोठा गुण. पण क्षारांचें प्रमाण जमिनीगणिक आणि उंसागणिक बदलतें, म्हणून त्यांचा आंकडा जाणत्या पॅनमनच्या अनुभवाशीं ताडून घ्यावा लागे.

यंत्रमानवाला स्पर्श देऊं पाहणाऱ्यांपुढें नेमकी हीच अडचण उभी राहिली. ब्रिस्टल येथील ग्रे वॉल्टर यानें १९४८-४९ मध्यें दोन यांत्रिक कासवें बनविलीं. कवच कशाला अडलें कीं आंत विजेची जोडणी होई आणि कासव वाट बदली. स्पर्श झाला कीं नाहीं, एवढेंच त्याला कळे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत हाइन्रिख अर्न्स्ट यानें १९६१ सालीं गणकयंत्राच्या आज्ञेंत चालणारा हात केला. त्याला डोळे नव्हते, बोटांवरील स्पर्शग्राहकांनीं चांचपडत तो ठोकळे शोधी.

ग्राहक कोणता निवडावा, याचें उत्तर हातानें करावयाच्या कामांत असतें. क्यूरी बंधूंना १८८० सालीं आढळलें कीं कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांवर विद्युत्भार जमतो. हा ग्राहक ठोका, कंप, निसटणें हें चटकन् सांगतो. पण दाब स्थिर राहिला कीं भार झिरपून जातो आणि तो मुका होतो. उलट, १९३८ सालीं सिमन्स व रूज यांनीं परस्परांच्या नकळत शोधलेली ताणमापक तार धरलेल्या वस्तूचा भार सतत सांगत राहते. दाबानें विद्युत्-रोध बदलणारे पापुद्रे स्वस्त खरे, मात्र एकाच दाबाला दर वेळीं तेंच उत्तर देतील याची खात्री नाहीं. २००९ सालीं जॉन्सन व ॲडेल्सन यांनीं मऊ, लवचिक गादीखालीं छायायंत्र ठेवून पृष्ठभागावरचे बारीक उंचवटेहि दाखविले.

माणसाच्या कातडींत ही वांटणी आधींच झालेली आहे. स्वीडनमधील योहान्सन व वाल्बो यांनीं १९७० च्या दशकांत हाताच्या कातडींतील चार प्रकारचे स्पर्शतंतु वेगळे ओळखले: दोन दाब असेतोंवर बोलणारे, दोन केवळ बदल सांगणारे. गुळव्याच्या गोळीची परीक्षा यंत्रानें करावयाची, तर ती किती दबते हें सांगण्यास ताणमापक आणि बोटांमधील अंतर मोजणारें साधन लागेल. नाद ऐकण्यास स्फटिक लागेल. एकट्या ग्राहकानें तें काम होणें नाहीं. शिवाय तें सारें ऊन, चिकट पाकांत भिजून टिकलें पाहिजे, आणि ही अट प्रयोगशाळेंतील पुष्कळ नाजूक ग्राहकांना बाद करते.

गुऱ्हाळांत आतां तापमापकहि शिरला आहे. गूळ उतरावयाची उष्णता ११५ ते ११८ अंश शतमानाच्या आसपास धरतात. पण थंड पाण्याचें भांडें अनेक ठिकाणीं अजून चुलाणाशेजारींच असतें.