मिडी संगीत व साउंडफाँट
मिडी संगीत व साउंडफाँट : संगीतवाद्ये व संगणक यांच्यात वादनाच्या सूचनांची अंकीय देवाणघेवाण करण्याची जी पद्धती १९८३ मध्ये रूढ झाली, तिला ‘म्यूझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या नावातील आद्याक्षरांवरून ‘मिडी’ म्हणतात. या सूचनांपासून प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करण्यासाठी वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचे जे संच वापरले जातात, त्यांच्या एका विशिष्ट व सर्वत्र प्रचलित असलेल्या प्रकाराला ‘साउंडफाँट’ असे नाव आहे. मिडी फाइलीत ध्वनी नसतो. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. त्यामुळे फाइल अतिशय लहान राहते. स्टीरिओ सीडीच्या प्रतीचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण असंक्षेपित स्वरूपात सु. १ कोटी ६ लक्ष बाइट जागा घेते, तर कित्येक मिनिटांची वाद्यवृंदरचना मिडी स्वरूपात काही हजार बाइटांत मावते. मात्र ती कशी ऐकू येईल, हे सर्वस्वी वाजविणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते. स्वर रचनाकाराचे, पण नादाची जात यंत्र बनविणाऱ्याची, अशी ही विभागणी आहे. तिच्यातून उद्‌भवलेली परावलंबिता कमी करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत मुक्तस्रोत संगणक प्रणालींचा वाटा मोठा आहे.

ध्वनीऐवजी वादनाची कृती साठविण्याची कल्पना जुनी आहे. भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणारा स्वयंचलित पियानो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला व वेल्टे या जर्मन कंपनीने १९०४ मध्ये पियानोवादकाच्या आघातांतील लहानमोठेपणाही गुंडाळीवर नोंदविण्याची सोय केली. अशी गुंडाळी म्हणजे संगीताची प्रत होय की केवळ यंत्राचा एक भाग, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता १९०८ मध्ये न्यायालयाने ती प्रत नव्हे असा निर्णय दिला. पुढील वर्षीच्या कायद्याने तो निष्प्रभ झाला. सूचना आणि संगीत यांचे नाते नेमके काय, हा वाद मिडीपेक्षा किती जुना आहे हे यावरून दिसते.

विद्युत् संश्लेषकांच्या काळात स्वराची उंची विद्युत् दाबाने ठरविली जाई. काही उत्पादक एका सप्तकास एक व्होल्ट हे प्रमाण धरीत, तर काही दाब व कंप्रता यांचे सरळ प्रमाण ठेवीत. त्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्यास सहसा जोडता येत नसे. जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) व अमेरिकेतील सीक्वेन्शल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) यांनी याबाबत पुढाकार घेतला. स्मिथ यांनी १९८१ मध्ये ध्वनि-अभियंत्यांच्या परिषदेत समान जोडणीची योजना मांडली आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शलचे प्रॉफेट-६०० व रोलंडचे ज्युपिटर-६ ही वाद्ये एकमेकांस जोडून दाखविण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. त्यांच्या वापरासाठी कोणतेही शुल्क आकारले गेले नाही. मिडीचा प्रसार इतक्या झपाट्याने होण्याचे हे मुख्य कारण होय. या कार्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मिडीच्या तारेतून दर सेकंदास ३१,२५० बिट जातात. पट्टी दाबल्याची सूचना तीन बाइटांची असून ती पोहोचण्यास सु. १ मिलिसेकंद लागतो. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक दिलेले असून मध्य सप्तकातील ‘सी’ या स्वराचा क्रमांक ६० आहे. आघाताचा जोरही १२७ पर्यंतच्या अंकाने दर्शवितात. एका जोडणीवर १६ स्वतंत्र मार्ग असतात व प्रत्येक मार्गावर वेगळे वाद्य योजता येते. या सूचना कालनिर्देशासह साठविण्याचा प्रमाणित फाइलप्रकार १९८८ मध्ये स्वीकारण्यात आला. तरीही वाद्य क्रमांक १ म्हणजे कोणते वाद्य, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवीत असल्याने एका यंत्रावर तयार केलेली पियानोची रचना दुसऱ्यावर तुतारीत वाजण्याचा संभव असे. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ या संकेताने १२८ वाद्यांचा क्रम कायम केला व दहावा मार्ग तालवाद्यांसाठी राखून ठेवला. तथापि या संकेताने वाद्यांची केवळ नावे ठरविली. त्यांचा नाद कसा असावा हे ठरविले नाही.

घरगुती संगणकांवर याचा परिणाम प्रकर्षाने जाणवला. १९८७ मधील ॲडलिब व १९८९ मधील सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर या ध्वनिपत्रांवर यामाहा कंपनीची कंप्रता-विरूपणावर आधारलेली चकती बसविलेली होती. ही पद्धती स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधून काढली होती व चांगल्या वाद्यात तिची करामत विलक्षण असे. परंतु स्वस्त चकतीवर व्हायोलिन आणि बासरी यांतील फरक कानाला मोठ्या कष्टाने ओळखावा लागे. दुसरा मार्ग खऱ्या वाद्यांचे नमुने ध्वनिमुद्रित करून तेच वेगवेगळ्या उंचीवर वाजविण्याचा होता. कॅलिफोर्नियातील ई-म्यू कंपनीने १९८१ मध्ये ‘इम्युलेटर’ या वाद्यात तो आणला होता. १९९३ मध्ये क्रिएटिव्हने ही कंपनी विकत घेतली आणि १९९४ मध्ये ई-म्यूची चकती असलेले ‘एडब्ल्यूई ३२’ हे ध्वनिपत्र बाजारात आणले. त्यात एक मेगाबाइटचा कायम संच होताच, शिवाय ग्राहकाला आपल्या पसंतीचा संच भरता यावा म्हणून अर्धा मेगाबाइट स्मृती होती व ती २८ मेगाबाइटपर्यंत वाढविता येई. अशा भरावयाच्या संचाच्या फाइलीलाच साउंडफाँट हे नाव देण्यात आले. मुद्राक्षरांचा साचा बदलला की तोच मजकूर वेगळ्या वळणाचा दिसतो, त्याप्रमाणे संच बदलला की तीच रचना वेगळ्या नादात ऐकू येते, हा या नावातील अर्थ आहे. १९९६ मध्ये साउंडफाँटच्या दुसऱ्या आवृत्तीचे विनिर्देश खुले करण्यात आल्याने इतरांनाही असे संच बनविणे व वाजविणे शक्य झाले.

साउंडफाँट फाइलीचे तीन थर असतात. सर्वांत खाली १६ बिटी अंकांत नोंदलेले कच्चे नमुने असतात. त्यांच्यावर ‘वाद्ये’ असतात. प्रत्येक वाद्यात कोणता नमुना कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत व किती जोराच्या आघातास वापरावा, याची वाटणी केलेली असते. सर्वांत वर मिडीच्या वाद्यक्रमांकांशी जुळणारे ‘पूर्वयोजित स्वर’ असतात. टिकणाऱ्या स्वरासाठी नमुन्याचा मधला लहानसा तुकडा पुनःपुन्हा वाजविला जातो. स्वराची चढण, उतरण, स्थैर्य व विराम यांचे काल, उच्च कंप्रता गाळणाऱ्या गाळणीची मर्यादा आणि कंपनाचा वेग ही सर्व माहिती फाइलीतच असते. नमुना मूळ उंचीपासून फार दूर नेला तर वाद्याच्या पेटीतील अनुस्पंदनेही त्याच्याबरोबर सरकतात व आवाज खेळण्यातल्यासारखा होतो. म्हणून चांगल्या संचात एका वाद्यासाठी अनेक नमुने घ्यावे लागतात. मोठा संच म्हणजे चांगला संच असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. १२८ वाद्यांच्या आवाजाची परस्परांशी जुळणी साधलेली नसेल, तर उत्कृष्ट नमुन्यांचा अवाढव्य संचही वाद्यवृंदरचनेत निरुपयोगी ठरतो.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीत आरंभी ध्वनिपत्रांच्या उत्पादकांनी फारसे लक्ष घातले नाही. ते काम स्वयंसेवकांवर पडले. ताकाशी इवाई यांनी एडब्ल्यूई ध्वनिपत्रासाठी लिनक्सचा चालक लिहिला. मात्र अधिक मूलगामी बदल टिमिडिटी या कार्यक्रमाने घडविला. १९९५ च्या सुमारास तूक्का तोइव्होनेन यांनी लिहिलेल्या या कार्यक्रमाने नमुने मिसळण्याचे काम ध्वनिपत्राकडून काढून संगणकाच्या प्रक्रियकाकडे दिले. पुढे जपानी विकासकांनी तो वाढविला व त्यात साउंडफाँट वाचण्याची सोय झाली. पेटर हानाप्पे यांनी आरंभिलेला फ्लुइडसिंथ हा त्यानंतरचा संश्लेषक तर खास साउंडफाँटसाठीच रचलेला आहे. लिनक्सच्या २००३ मधील २.६ या गाभ्याबरोबर समाविष्ट झालेल्या ‘अल्सा’ या ध्वनिव्यवस्थेत मिडीच्या सूचना एका कार्यक्रमातून दुसऱ्यात वळविण्याची सोय असल्याने पट्टीवाद्य, स्वरलेखक व संश्लेषक यांची हवी तशी जोडणी करता येते. विशिष्ट कंपनीचे ध्वनिपत्र असल्याखेरीज मिडी चांगले ऐकू येत नाही, ही स्थिती अशा रीतीने संपली.

परावलंबितेचा प्रश्न किती खोलवर जातो, हे हायकू या लघुभार प्रणालीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या बी कंपनीच्या ‘बीओएस’ या प्रणालीची संगीतकारांत विशेष ख्याती होती. कंपनीच्या ‘बीबॉक्स’ या संगणकावर मिडीच्या जोडण्या मुळातच होत्या. मात्र प्रणालीतील संश्लेषक व त्याचा नमुनासंच संगीतकार टॉमस डॉल्बी यांच्या कंपनीकडून घेतलेले होते. २००१ मध्ये बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीस विकली गेली आणि त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ही प्रणाली नव्याने लिहिण्यास घेतली. २००४ पासून ती हायकू या नावाने ओळखली जाते. कार्यक्रमांनी संश्लेषकाला द्यावयाच्या आज्ञा जशाच्या तशा पुन्हा लिहिता आल्या, पण नाद परक्या मालकीचा असल्याने तो बरोबर आणता येईना. त्याच्या जागी फ्लुइडसिंथ व मुक्त परवान्याचा साउंडफाँट योजण्यात आला. बीओएससाठी लिहिलेल्या जुन्या कार्यक्रमांच्या मिडी आज्ञा आज हायकूवर चालतात, पण त्यांचा नाद मूळचा नाही.

कमी स्मृतीच्या यंत्रावर संचाची निवड हाच कळीचा मुद्दा ठरतो. फ्रँक वेन यांनी संकलित केलेला ‘फ्लुइड आर ३’ हा संच सु. १४० मेगाबाइटांचा आहे. २०१२ मधील पहिल्या रास्पबेरी पाय या पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकाची एकूण स्मृतीच २५६ मेगाबाइट होती. फ्लुइडसिंथ सर्वसाधारणपणे संपूर्ण संच स्मृतीत घेतो, म्हणजे अशा यंत्राची निम्म्याहून अधिक स्मृती केवळ वाद्यांनी व्यापावी. त्या जागी सु. ६ मेगाबाइटांचा ‘टिमजीएम’ किंवा सु. ३० मेगाबाइटांचा ‘जनरलयूजर जीएस’ हे संच सोयीचे पडतात. म्यूझस्कोर या स्वरलेखन-कार्यक्रमाच्या विकासकांनी नमुने संक्षेपित स्वरूपात ठेवण्याचा प्रकार रूढ केला, पण वाजविण्यापूर्वी ते उलगडावे लागत असल्याने तबकडीवरील जागा वाचते, स्मृती वाचत नाही. प्रक्रियक मंद असल्यास एका वेळी वाजणाऱ्या स्वरांची कमाल संख्या घटविणे व कृत्रिम घुमारा बंद करणे हे उपाय आहेत. ध्वनीचे अंक ज्या लहान गठ्ठ्यांनी बाहेर पाठविले जातात ते मोठे केले, तर आवाज तुटत नाही. मात्र पट्टी दाबणे व स्वर ऐकू येणे यांत विलंब पडतो. केवळ फाइल ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही, वादकाला मात्र तो असह्य होतो.

महाजालावर मोफत मिळणाऱ्या अनेक संचांतील नमुने मुळात विक्रीच्या संश्लेषकांवरून उचललेले असतात व त्यांच्या स्वामित्वहक्काचा माग लागत नाही. असे संच डेबियनसारख्या काटेकोर वितरणांत समाविष्ट करता येत नाहीत. वर उल्लेखिलेले संच टिकून राहिले, त्याचे श्रेय त्यांच्या नादाइतकेच त्यांच्या स्पष्ट परवान्यांनाही द्यावयास हवे.

भारतीय संगीताच्या दृष्टीने पाहता जनरल मिडीच्या यादीत १०५ व्या क्रमांकावर सतार व ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. बँजो व फिडल यांच्या पंक्तीला ती बसविलेली आहेत. तंबोरा नाही, तालवाद्यांत तबला नाही. पेटीला सर्वांत जवळचा असा २१ व्या क्रमांकाचा ‘रीड ऑर्गन’ होय. परंतु खरी अडचण यादीची नसून पट्टीची आहे. मिडीतील स्वर म्हणजे बारा समान अर्धस्वरांच्या शिडीवरील एक पायरी. स्वर वाकविण्याच्या सूचनेत १६,३८४ अवस्था असतात व ती सामान्यतः वर-खाली दोन अर्धस्वरांपुरती योजलेली असते. म्हणजे सूक्ष्मता विपुल आहे. सु. २२ सेंटांची प्रमाणश्रुती तीत सहज दाखविता येते. पण ही सूचना संपूर्ण मार्गाला लागू होते. सतारीवर एका तारेवर मींड घेताना चिकाऱ्या व तरफा स्थिर राहतात, हे दाखविण्यासाठी त्यांना वेगळे मार्ग द्यावे लागतात आणि पंचमापर्यंतच्या मींडेसाठी वाकविण्याची मर्यादाही वाढवावी लागते. स्थिर श्रुतींचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा जो प्रयोग केला, त्यासाठी नव्या सुरांचे वाद्य घडवावे लागले होते. १९९२ च्या मिडी स्वरमेलन संकेतानुसार प्रत्येक पट्टीची कंप्रता स्वतंत्रपणे ठरविता येते व फ्लुइडसिंथ हा संकेत पाळतो. त्यामुळे तेच काम आज आकड्यांच्या एका कोष्टकाने होते. जवारीचा नाद मात्र कोष्टकात बसत नाही. तो नमुन्यातच गोठलेला असतो व स्वर वाकविताना त्याच्याबरोबर यंत्रवत् सरकतो.

२०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती स्वीकारण्यात आली. तीत आघाताचा जोर १६ बिटांत नोंदला जातो व मार्गातील एकेक स्वर स्वतंत्रपणे वाकविता येतो. २०२३ मधील लिनक्सच्या ६.५ या गाभ्यात तिच्यासाठी सोय झाली असून ते कामही ताकाशी इवाई यांनी केले. साउंडफाँटची घडण मात्र पहिल्या आवृत्तीच्या १२७ पायऱ्या व १६ मार्ग गृहीत धरून झालेली असल्याने नव्या सूचना तिच्यावर उतरविताना त्यांतील सूक्ष्मता पुन्हा जुन्या मापात बसवावी लागते.