एक तुटका बोल्ट

शाळेंत इतिहास शिकवितांना ताम्रपट, शिलालेख आणि बखरी यांनाच मी साधनें म्हणत आलों. निवृत्तीनंतर लोखंडाच्या एका तुटक्या बोल्टानें माझी ती समजूत हालविली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचें बिऱ्हाड चिखलीस. तीन वर्षांपूर्वीं माझ्या चिरंजीवानें खामगांवच्या एका गोदामांतून दोन बैठकींची मोडकी मोटार आणली. खामगांव ही कापसाची जुनी पेठ. जलंबहून तेथवर १८७० सालीं आगगाडीचा फाटा गेला तो कापसासाठींच. अशा गांवीं शौकाची मोटार सांपडावी यांत नवल नाहीं. उंदीर आणि वाळवी यांच्या तावडींतून ती उरली, हेंच नवल.

गाडी एम्. जी. टी. सी. जातीची. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें १०,००० गाड्या झाल्या. एम्. जी. चा जनक सेसिल किंबर याच्या दृष्टीस मात्र ही गाडी पडली नाहीं. १९४१ सालीं त्याला कारखाना सोडावा लागला, आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातांत तो गेला.

आंगणांत गाडी सुटी होऊं लागली. सूनबाईनें प्रत्येक भागाचें चित्र काढून ठेविलें. सौभाग्यवतींनीं आपल्या लोणच्याच्या बरण्या नटबोल्टांसाठीं दिल्या, अर्थात् कुरकुर करूनच. इंजिनाचा एक बोल्ट हरवला होता. उरलेल्यांच्या डोक्यांस इंग्रजी पान्हा बसे. म्हणून चिरंजीवानें इंग्रजी आट्यांचा बोल्ट आणला व जोर करून फिरविला. दोन वेढे गेला, तिसऱ्यास तुटून आंत राहिला. त्या रात्रीं तो जेवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातवानें जुना बोल्ट आपल्या कंपासपेटींतील पट्टीवर धरला आणि ओरडला, “आजोबा, दहा आटे बरोबर दहा मिलिमीटरांत!” इंग्रजी गाडीच्या पोटांत फ्रेंच माप शिरलें कसें?

त्याचें उत्तर पहिल्या महायुद्धांत आहे. हॉचकिस ही फ्रान्समधील बंदुका करणारी कंपनी. जर्मन फौजा पुढें सरकल्या तेव्हां तिनें इंग्लंडांत कोव्हेंट्री येथें कारखाना उघडला; यंत्रें अर्थात् फ्रेंच मापाचीं. युद्ध संपलें, मशीनगनांची मागणी सरली, आणि कारखाना मॉरिस गाड्यांचीं इंजिनें करूं लागला. १९२३ सालीं मॉरिसनें तो विकतच घेतला. यंत्रें बदलणें महाग, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पण इंग्रज कारागिराजवळ पान्हे इंग्रजी, म्हणून बोल्टाचें डोकें इंग्रजी ठेविलें. ही तडजोड आमच्या गाडीच्या १२५० घनसेंटिमीटरांच्या इंजिनापर्यंत टिकली. तह आणि सनावळ्या मीं वर्षानुवर्षें घोकविल्या. युद्धाची खूण इतक्या बारीक जागीं राहते, हें कोणत्याही वर्गांत सांगितलें नव्हतें.

पुढला वाद लांकडाचा. या गाडीच्या पत्र्याखालीं ॲश नांवाच्या विलायती झाडाच्या लांकडाचा सांगाडा असतो, आणि तोच वाळवीनें खाल्लेला. लोखंडी नळ्या जोडल्या तर काम महिन्याभरांत उरकेल, असें एका मिस्त्रीनें सांगितलें. चिरंजीव पैशानें आणि धीरानेंही थकला होता. त्याला तें पटलें. सूनबाईनें २०२१ चा सरकारी नियम पुढें केला: पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची खास नोंदणी हवी, तर चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. मीही तिच्या बाजूस गेलों, आणि आठ दिवस बापलेक एकमेकांशीं बोललों नाहीं. शेवटीं बैलगाड्या करणाऱ्या एका वृद्ध सुतारास बोलाविलें. सांधे पाहून तो म्हणाला, हें आमचेंच काम आहे. त्यानें जुन्या तुकड्यांबरहुकूम मुरलेल्या सागवानाचे तुकडे घडविले. सागवान म्हणजे ॲश नव्हे, हें मी कबूल करतों. म्हणून प्रत्येक नव्या तुकड्याच्या आंतल्या अंगास सुतारानें साल कोरलें आहे. पुढें कोणी तो मूळचा समजूं नये.

गेल्या अक्षय्य तृतीयेस इंजिन चालू झालें. नोंदणी व्हावयाची आहे. गाडी अजून आंगणाबाहेर गेलेली नाहीं. तुटलेला बोल्ट शेवटीं निघाला, तो वेगळ्या बरणींत आहे. वर नातवाच्या अक्षरांत चिठ्ठी आहे: आटे फ्रेंच, डोकें इंग्रजी, चूक बाबांची.